खऱ्या वयाचा दाखला

केळीच्या खोडाचे ओले सोपट सुकू लागले की त्याला एक वास येतो: वरून ताकासारखा आंबूस आणि खाली कुठे तरी गोडसर. त्यात शेणाचा आणि काळ्या मातीचा वास मिसळला, नुकत्याच कापलेल्या चिकूच्या फांदीचा दुधट, हिरवा वास त्यावर तरंगू लागला, की मला एक बाई दिसू लागते. बांबूच्या माचावर उकिडवी बसलेली. दोन्ही हात कामात गुंतलेले, म्हणून सोपटाची पट्टी तिने दातांत धरलेली असते, आणि बोलताना तिचे ओठ हलत नाहीत.

"कळू नाय द्यायचं," ती दातांच्या फटीतून म्हणते. "झाडाला कळू नाय द्यायचं."

तिचे नाव मी इथे लिहीत नाही. एकदा मी ते एका सरकारी कागदावर लिहिले होते, माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात. त्यानंतर ते पुन्हा लिहायला माझा हात धजावलेला नाही.

डहाणूहून कैनाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका प्राथमिक शाळेत मी रुजू झाले, तेव्हा तेवीस वर्षांची होते. वडील गेलेले, गावी आई आणि शिकणारे दोन भाऊ. कवितेच्या चार वह्या आणि एक पत्र्याची पेटी एवढे घेऊन आलेल्या मला राहायला जी खोली मिळाली, तिची खिडकी एका चिकूच्या वाडीत उघडत होती. चिकूच्या वाड्या तुम्ही रस्त्यावरून पाहिल्या असतील. बाहेरून नुसता गर्द हिरवा डोंगर दिसतो. फांद्या जमिनीला टेकलेल्या असतात, आणि त्यांच्या आत, भर दुपारीही संध्याकाळ असलेल्या त्या सावलीत, किती माणसे वावरत आहेत हे रस्त्यावरच्याला कधीच कळत नाही. मला खिडकीमुळे कळले.

वाडीतल्या सगळ्या गड्यांत आणि बायांत कलमे बांधणारी ती एकटी. चिकूचे चांगले झाड बीपासून होत नाही. रायणीच्या, म्हणजे आपल्या खिरणीच्या, रोपावर चिकूची फांदी बांधून कलम करावे लागते. कुंडीतले रायणीचे रोप माचावर चढवून चिकूच्या जुन्या झाडाच्या फांदीशेजारी आणून ठेवायचे. दोघांची साल बोटभर तासायची, दोन्ही जखमा एकमेकींवर टेकवायच्या, सोपटाने आवळून बांधायच्या आणि वरून शेणमातीचा लेप द्यायचा. तीन महिने ती दोन झाडे अंगाला अंग लावून राहतात. मग फांदी मूळ झाडापासून तोडायची. पण एका घावात नाही. आज सालीएवढा काप. आठ दिवसांनी अर्ध्यापर्यंत. आणखी आठ दिवसांनी उरलेला.

"एकदम तोडलं का झाड घाबरतं," ती सांगे. "हळूहळू तोडलं का त्याला वाटतं, मी हाय तिथंच हाय."

तिचा चाकू म्हणजे एका मोडक्या विळ्याचे घासून घासून पातळ केलेले पाते. मूठ चिंध्यांची. त्या पात्याने ती साल अशी तासे की खालचे लाकूड ओल्या साबणासारखे चमकून उठे. एका सुटीच्या दिवशी मीही हट्टाने एक कलम बांधले. पंधरा दिवसांत ते काळे पडले. तिने लेप फोडला, वास घेतला आणि माझ्याकडे पाहून हसली. "बाय, तुझा हात पुस्तकाचा. दोन पानं एकमेकावर ठेवली का चिकटली असं वाटतं तुना."

ती सगळ्यांनाच 'तू' म्हणे. मला, मुकादमाला, वाडीच्या शेठनाही. शेठ मुंबईला राहत आणि महिन्या-दोन महिन्यांनी पांढरे कपडे घालून वाडीत फेरी मारत. एकदा ते तिचे काम पाहायला माचाशी येऊन उभे राहिले. तिने मान वर न करता सांगितले, "तू जरा बाजूला सर. मना उजेड दे." मुकादमाने जीभ चावली. शेठ दोन पावले मागे सरले आणि थोडा वेळ, शिक्षा झालेल्या मुलासारखे, तिथेच उन्हात उभे राहिले. त्यानंतर ते कौतुकाने पाहुण्यांना सांगत, "माझ्या वाडीत एक बाई आहे, मला हुकूम करते." पाहुणे हसत. तिची झोपडी मात्र गळतच राही.

तिची मुलगी सुकरी माझ्या वर्गात होती. शुक्रवारी जन्मली म्हणून सुकरी. तिच्या आईचे नावही असेच एका वारावरून ठेवलेले होते. त्या पाड्यांवर माणसाचा वार त्याच्या नावातच सापडतो. तारीख आणि साल मात्र कुठेच सापडत नाही. म्हणून दर वर्षी शाळा उघडली की आम्ही शिक्षक पटावर सगळ्या नव्या मुलांची जन्मतारीख एक जून लिहीत असू. अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला. यात कुणाला काही वावगे वाटत नसे. मलाही नाही.

सुकरी आठ-नऊ वर्षांची, तेलाविना तांबूस झालेल्या केसांची, आणि आवाज असा की सगळ्या वर्गाच्या पाढ्यांतून वेगळा ऐकू यावा. एकापासून शंभरापर्यंत अंक म्हणायचे असत. चाळीसच्या पुढे इतर मुले पेंगू लागत. हिचा आवाज एकटाच चढत राही, खणखणीत, प्रत्येक जोडाक्षरावर ठसका देत. वाडीत माचावर बसलेल्या आईला तो ऐकू जाई. "आज शंभरापातूर गेली गं माझी," ती संध्याकाळी खिडकीशी येऊन सांगे, जणू पोरगी कुठल्या दूरच्या गावाला जाऊन आली होती.

दुसऱ्या पावसाळ्यात तिचा नवरा तापाने गेला. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी काही नाही. बारावा झाला त्या सकाळी मुकादम झोपडीच्या दाराशी आला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने चप्पल काढून ठेवली होती, हे मी खिडकीतून पाहिले.

"नियम तुला ठाऊक हाय," तो म्हणाला. "झोपडी वाडीची. एका झोपडीतनं दोन माणसं कामाला पायजेत. एक कमी पडलं तर मना दुसरं कुटुंब घालायला लागेल."

"दुसरं माणूस कुठनं आणू?"

मुकादम झोपडीच्या आत, अंधारात बसलेल्या सुकरीकडे पाहत होता.

तुम्ही विचाराल, ती दुसरीकडे का गेली नाही. गंजाडकडच्या पाड्यावर तिच्या भावाचे छप्पर होते आणि त्याखाली त्याचीच सात माणसे होती. दुसऱ्या वाडीत गेली असती, तर तिथेही झोपडीला दोन माणसे लागत. झोपडी हवी तर दोन जणांचे काम हवे, आणि काम हवे तर पहाटे वाडीतच असायला हवे, म्हणजे झोपडी हवी. ही गोष्ट मी तेव्हा कागदावर रेघ ओढून समजून घेण्याचा प्रयत्न केला होता. रेघ जिथून निघाली तिथेच परत येई.

सुकरी एकदम शाळेतून गेली नाही. आधी चिकू उतरवण्याच्या दिवशी येईनाशी झाली: आठवड्यातून दोन दिवस. फळावरची तपकिरी भुकटी पोत्यावर घासून काढायचे काम तिला दिले होते. उरलेल्या दिवशी ती यायची तेव्हा तिच्या नखांच्या कडा तांबड्या असत. मग ती फक्त दुपारनंतर येऊ लागली. मग शनिवारी, सकाळच्या शाळेला, अधूनमधून. एके दिवशी हजेरी घेताना तिच्या नावाशी मी नेहमीप्रमाणे थांबले, आणि वर्गातल्या एकाही मुलाने दाराकडे पाहिले नाही, तेव्हा मला कळले की शेवटचा काप झाला आहे.

त्याच हिवाळ्यात तलासरीच्या बाजूच्या एका सरकारी रोपवाटिकेचे साहेब वाडीत आले. तरुण, चष्मेवाले, विदर्भाकडचे. ते झाडांना पुस्तकातल्या नावांनी हाका मारीत, आणि त्यांची स्वतःची कलमे त्या वर्षी बहुतेक मेली होती. त्यांनी तासभर माचाखाली उभे राहून तिचे हात पाहिले. मग चष्मा पुसला. माझी ओळख झाली होती, म्हणून मला म्हणाले, "बाई, आमच्याकडे कायम माळ्याची एक जागा निघते आहे. शिक्षणाची अट नाही. राहायला खोली मिळते, कौलारू. ही बाई मला पाहिजे."

"खोलीला किती माणसं कामाला लागतात?" तिने माचावरून विचारले.

साहेबांना प्रश्नच कळला नाही. मी समजावल्यावर ते म्हणाले, "एकच. तुम्हीच. दुसऱ्या कुणी कशाला?"

तिच्या दातांतली सोपटाची पट्टी खाली पडली. ती पडलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"शाळा हाय तिथं?" तिने विचारले.

"रस्ता ओलांडला की."

अर्जाला एवढेच हवे होते: नाव, गाव आणि वयाचा दाखला. "जन्माची नोंद नसेलच," साहेब म्हणाले. "शाळेच्या शिक्षकाने खात्री करून वय लिहून दिले तरी चालते. तुम्हीच द्या ना, बाई."

खात्री करून. हे दोन शब्द मी किती गंभीरपणे घेतले!

"तुझं वय किती?" मी तिला विचारले.

"मना काय ठावं? तू लिव तुना वाटंल ते."

"असं कसं? काही तरी आठवत असेल. तू जन्मलीस तेव्हा काय झालं होतं?"

ती हसली, विचारात पडली, आणि मग सांगू लागली. शेठच्या बापाने वाडीतला बंगला बांधायला काढला, तेव्हा तिची आई पायाची माती वाहत होती. एका दुपारी पाटी खाली ठेवून ती रायणीच्या झाडामागे गेली, आणि तिथेच ही झाली. मातीवर. तिसऱ्या दिवशी आई पुन्हा पाटी उचलत होती. ती रायण अजून होती. तिच्याच बियांची रोपे आता ती कलमांना वापरीत होती.

रविवारी सकाळी मी त्या बंगल्याकडे गेले. ओट्याच्या कमानीवर संगमरवराची एक पाटी होती, आणि तिच्यावर पायाभरणीचे साल कोरलेले होते. शेवाळ नखाने खरवडून मी ते वाचले. वाडीतल्या एका म्हाताऱ्या बाईकडून मातीची आणि बाळंतपणाची गोष्ट पुन्हा ताडून पाहिली. वजाबाकी केली. उत्तर आले तेहतीस. मला त्या क्षणी झालेला आनंद कवितेची ओळ नेमकी जुळावी तसा होता. एका माणसाचा हरवलेला जन्म मी दगडातून शोधून काढला होता.

मी धावत वाडीत गेले. "तेहतीस! तू तेहतीस वर्षांची आहेस!"

"मी?" तिने हात थांबवले. "तेतीस?"

तिने तो आकडा तीन-चार वेळा उच्चारला, नवे फळ चाखावे तसा. मग माचावरून उतरली आणि शेजारच्या बाईला सांगायला गेली. तिथून मुकादमाला. "ए, मी तेतीस वर्सांची हाय. बायने शोधलं." मुकादम म्हणाला, "वाटत नाय. पन्नासची दिसते." ती खळखळून हसली. "तू दिसतोस पन्नासचा. तुझं कुणी शोधलंय का? नाय ना? मंग गप."

संध्याकाळी सुकरीने आपली पाटी आणली. तिच्यावर मी मोठ्या अक्षरात ३३ लिहून दिले. ती पाटी त्यांनी झोपडीच्या कुडात, चुलीचा धूर लागणार नाही अशा जागी खोचली. आणि मी कंदिलाच्या उजेडात, दौतीत नवी शाई भरून, दाखला लिहिला. नाव. गाव. वय वर्षे तेहतीस, अक्षरी आणि अंकी. खाली माझी सही. सकाळी मुख्याध्यापकांनी न वाचता शिक्का मारला.

तलासरीला आम्ही दोघी एस.टी.ने गेलो. त्या एका दिवसासाठी तिच्या जागी काम करायला तिने भावाच्या बायकोला बोलावून घेतले होते. दाखल्याला घाम लागू नये म्हणून तिने तो सागाच्या दोन पानांत ठेवून पदराखाली छातीशी धरला होता. गाडी हलली की दुसऱ्या हाताने समोरच्या दांडीला धरी, आणि बाहेरची झाडे मागे पळताना पाहून म्हणे, "बघ बाय, जागेवर हायती आणि पळती पन हायती."

साहेबांनी सागाची पाने बाजूला केली. दाखला वाचला. मग पुन्हा वाचला. त्यांनी चष्मा काढला.

"बाई, जरा बाहेर येता?"

व्हरांड्यात फळ्यावर एक छापील कागद लावलेला होता. त्यांनी त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवले. उमेदवाराचे वय, सर्व सवलती धरून, तीस वर्षांपेक्षा अधिक नसावे.

"तुम्ही मला हे सांगितलं नव्हतं," मी म्हणाले.

"मला वाटलं, तुम्ही अंदाजाने लिहाल. पंचवीस-अठ्ठावीस, असं काही तरी. सगळे तसंच लिहितात, बाई. या लोकांचं खरं वय कोण शोधत बसतं?"

"मग हा फाडून मी दुसरा—"

"आवक-जावकला नोंद झाली आत्ताच. कारकुनाने शिक्का मारला." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "एक करता येईल. पहिला दाखला चुकीचा होता, असं तुम्ही लेखी द्या. पण मग तो खोटा का दिला, हे तुमच्या वरिष्ठांना विचारलं जाईल."

ती आत बाकावर बसली होती. मोकळी झालेली सागाची पाने तिने नीट एकावर एक ठेवली होती.

त्या आठवड्यात मी मुख्याध्यापकांना विचारले. ते वयस्क, सरळ गृहस्थ होते. म्हणाले, "खोटा दाखला दिला असं लिहून द्याल, तर नोकरी राहणार नाही. आणि शिक्का माझा आहे. तुमच्या आईला पत्र कोण लिहील मग?" मी दोन रात्री तो कागद लिहून पाहिला. तिसऱ्या दिवशी आईची चिठ्ठी आली. धाकट्याला परीक्षेला बसवायचे होते. मी कागद चुलीत टाकला. हे मी आजवर कुणाला सांगितले नव्हते. तुम्हाला सांगते आहे, कारण व्यक्तिचित्र लिहिणारा सहसा स्वतःला सावलीत ठेवतो, आणि या चित्रात मला ती मुभा नाही.

तिला मी खरे कारण सांगितले. खिडकीतून. समोर जाण्याचे धैर्य नव्हते.

सुकरी तिच्या मागे पोत्यावर फळे घाशीत होती. तो खसखस आवाज तेवढा येत होता.

"तुझ्या शाळेत समद्या पोरांचा जलम एकाच दिवसाला," ती अखेर म्हणाली. "सुकरीचा पन तूच लिवलास. एक जून. माझाच तेवढा खरा काढायला गेलीस?"

तिच्या आवाजात चीड नव्हती. चीड असती तर मी तिलाच धरून राहिले असते. तिला खरोखरच ते समजून घ्यायचे होते.

"तेतीस खोटं हाय का मंग?" थोड्या वेळाने तिने विचारले.

"नाही. खरं आहे."

तिने मान हलवली आणि माचाकडे वळली. त्या हंगामात ती पुन्हा खिडकीशी आली नाही.

रोपवाटिकेतली जागा एका बावीस वर्षांच्या तरुणाला मिळाली. भला मुलगा होता. त्याला कलम बांधता येत नव्हते. साहेबांनी शेठना विनंती करून त्याला पंधरा दिवस वाडीत शिकायला पाठवले. ती त्याला शिकवणार नाही, असे मला वाटले होते. खरे तर तशी माझी इच्छा होती. मी खिडकीतून पाहत राहिले. तिने त्याला सोपट कसे भिजवायचे ते दाखवले. साल तासताना मनगट कुठे अडवायचे ते दाखवले. त्याचे पहिले कलम तिने सोडवून पुन्हा बांधायला लावले, मग पुन्हा, मग पुन्हा. तो वैतागून म्हणाला, "मावशी, घट्ट तर झालं!"

"घट्ट झालं, पन मऊ नाय झालं," ती म्हणाली. "त्याला दुखतंय. कळू नाय द्यायचं."

जाताना त्याने वाकून तिला नमस्कार केला. तिने त्याला रायणीच्या बियांची एक पुडी दिली. कौलारू खोलीला खिडकी किती मोठी आहे, एवढे तिने विचारले. तो म्हणाला, चांगली मोठी आहे.

जून आला. शाळेची घंटा झाली. मी नव्या मुलांची नावे पटावर लिहीत होते आणि प्रत्येक नावापुढे एक जून हे शब्द लिहिताना पेन अडखळत होते, तेवढ्यात दारात सावली पडली. ती होती. मागे सुकरी, हातात पाटी घेतलेली.

"बाय, आता किती?"

मला आधी कळलेच नाही.

"शाळा उघडली ना. वर्स झालं. आता किती झाली मी?"

"चौतीस," मी म्हणाले.

"लिव गं," ती सुकरीला म्हणाली. सुकरीने आईच्या पदराच्या टोकाला थुंकी लावून जुना आकडा पुसला, पेन्सिलीने नवा काढला, मला दाखवला. बरोबर होता. वर्गातली मुले टक लावून पाहत होती. मग त्या दोघी घाईने निघून गेल्या. मुकादमाने अर्ध्या तासाची सवलत दिली होती.

पुढच्या जूनमध्येही ती आली. त्याच्या पुढच्याही. ही क्षमा होती की शिक्षा, हे मला कधी ठरवता आले नाही. कदाचित दोन्ही नसेल. तिच्याकडे स्वतःचे म्हणावे असे फार थोडे होते, आणि हा आकडा कुठल्याही मुकादमाला मागे घेता येत नव्हता. सुकरी मात्र वर्षातून एकदा, एका आकड्यापुरती शाळेत येत होती.

ती छत्तीस झाली त्या वर्षी माझी बदली घाटावर झाली. निघताना तिने मला कलमाची एक कुंडी दिली, फडक्यात बांधून. "दर दिवसाला पानी. आणि तिथं गेल्यावर लगेच मातीत लावू नको. चार दिवस सावलीत ठेव. गाव बदललं, हे त्याला कळू नाय द्यायचं."

"जूनमध्ये आता कुणाला विचारशील?" मी म्हणाले.

"सुकरीला येतं पुढचं," ती म्हणाली. "शंभरापातूर येतं."

त्यानंतर मी तिकडे गेले ती सहा वर्षांनी, शाळेतल्या जुन्या मैत्रिणीच्या घरच्या लग्नाला. दिवस पावसाळा सरतानाचे होते, कलमे बांधण्याचेच. लग्नघरातून निघून मी चालत वाडीकडे गेले. माझ्या जुन्या खोलीच्या खिडकीला आता कुणी तरी निळा पडदा लावला होता. फांद्यांखाली वाकून आत शिरले, आणि तो वास आला: सोपट, शेण, काळी माती, चिकूचे दूध. डोळ्यांना सावलीची सवय होण्याआधीच मला ती दिसली. माचावर उकिडवी बसलेली, दातांत पट्टी, हात कामात.

मी हाक मारली. वर्षानुवर्षे लिहिले नव्हते ते नाव माझ्या तोंडून सहज बाहेर पडले.

तिने मान वळवली. ती सुकरी होती.

तिने मला ओळखले. हसली नाही, पण सरकून माचावर थोडी जागा केली, जशी तिची आई करी. मी बसले नाही. समोर झोपडी तीच होती. कुडात पाटी तिथेच खोचलेली होती, पण इतक्या लांबून तिच्यावरचे वाचता येत नव्हते. झोपडीच्या मागे कुणी तरी पोत्यावर फळे घाशीत होते. खसखस ऐकू येत होती. एका झोपडीतली दोन माणसे.

"आई?" मी विचारले.

सुकरीने बंगल्याकडच्या रायणीच्या दिशेने पाहिले, आणि पुन्हा हातातल्या कलमाकडे.

"कधी गेली गं?"

मी विचारले खरे, आणि विचारता विचारताच जाणवले की मी पुन्हा तोच प्रश्न केला आहे, ज्याचे उत्तर या लोकांपाशी कुणी कधी असू दिले नव्हते. सुकरीने गाठ पुरी केली. अंगठ्याने लेप सारखा केला, हलके, दुखू नये असा. मग दातांतली पट्टी काढली, माझ्याकडे सरळ पाहिले, आणि वर्गात म्हणायची तसे, जोडाक्षरावर ठसका देऊन म्हणाली,

"एक्केचाळीस."